तीन जहाजे, एकच अर्थ : अरबी समुद्राच्या तळाच्या शोधाचा इतिहास

भाषा शिकविणाऱ्या माणसाने समुद्रतळाच्या भूविज्ञानावर लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. पण या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते शब्दांनीच. अरबी समुद्राच्या तळाचा अभ्यास गेल्या दीडशे वर्षांत प्रामुख्याने ज्या जहाजांवरून झाला, त्यांत तीन नावे पुन्हा पुन्हा येतात : 'इन्व्हेस्टिगेटर', 'मबाहिस' आणि 'गवेषणी'. पहिले ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे, दुसरे इजिप्तचे, तिसरे स्वतंत्र भारताचे. इंग्रजी, अरबी आणि संस्कृत अशा तीन भाषांतील या तिन्ही नावांचा अर्थ एकच आहे, शोध घेणे. त्यांची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. लॅटिनमधून आलेल्या पहिल्या शब्दाच्या मुळाशी पावलांचा माग काढण्याची कल्पना आहे. 'मबाहिस' हे 'मबहस' या शब्दाचे अनेकवचन; उर्दूतील 'बहस' त्याच धातूपासून निघतो आणि त्या धातूचा मूळ अर्थ माती उकरून शोधणे असा आहे. 'गवेषणा' म्हणजे मुळात हरवलेल्या गाईचा शोध.

प्रस्तुत लेखात या तीन जहाजांच्या आधारे अरबी समुद्राच्या तळाचे ज्ञान कसे वाढत गेले, ते थोडक्यात मांडले आहे. त्याबरोबरच हा इतिहास वर्गात कसा सांगावा, या प्रश्नाचाही विचार केला आहे. आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास दोन टोकांनी सांगितला जातो. एका टोकाला सर्व काही युरोपने केले आणि इतरांनी फक्त पाहिले, असे म्हटले जाते. दुसऱ्या टोकाला सर्व काही आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते, असा दावा असतो. समुद्रतळाचा इतिहास नीट वाचला तर ही दोन्ही टोके सोडून द्यावी लागतात.

जहाजांपूर्वीचे ज्ञान

गाळाचा विचार करणाऱ्या जुन्या विद्वानांत अल्-बीरूनी यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. इ.स. १०३० च्या सुमारास पूर्ण झालेल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात त्यांनी एक नेमके निरीक्षण नोंदविले आहे. जमीन खणली की डोंगराजवळ, जिथे नद्यांचा वेग जास्त असतो तिथे, मोठे गोटे सापडतात; डोंगरापासून दूर गेले की ते लहान होत जातात; आणि मुखाजवळ, प्रवाह मंदावतो तिथे, वाळू उरते. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की हा प्रदेश एकेकाळी समुद्र होता आणि नद्यांच्या गाळाने तो हळूहळू भरून आला.

निरीक्षण पूर्णपणे बरोबर आहे. प्रवाहाची ताकद कमी होत जाते तसे प्रथम जड कण आणि नंतर हलके कण खाली बसतात, हे गाळाच्या अभ्यासाचे आजही पहिले सूत्र आहे. निष्कर्ष मात्र अंशतःच टिकतो. गंगेचे मैदान म्हणजे हिमालयाच्या भाराने त्याच्या पायथ्याशी खचलेला आणि नद्यांनी भरून काढलेला खोलगट प्रदेश आहे, असे आज मानले जाते. उघड्या समुद्रात थेट गाळ साठून हे मैदान झाले, हे म्हणणे आता मान्य नाही. अल्-बीरूनींची थोरवी यामुळे उणावत नाही. निरीक्षण आणि निष्कर्ष यांत फरक असतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात मांडवी या नावाने समुद्राला मिळणारी म्हादई नदी पाहिली, तर घाटातील गोट्यांपासून पणजीजवळच्या गाळापर्यंत हा क्रम एका दिवसाच्या सहलीत दाखविता येतो.

दुसरी परंपरा नाविकांची. मराठीतील बंदर, नाखुदा, खलाशी, सुकाणू, लंगर हे शब्द फारसी-अरबीतून आले, आणि मराठ्यांच्या आरमारातील 'गुराब' या जहाजाचे नावही अरबीच. शब्दांबरोबर काही कामाच्या पद्धतीही बंदरोबंदरी फिरल्या. दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजणे ही त्यांपैकी एक. वजनाच्या बुडाला चरबी लावली की तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्याचे तुकडे तिला चिकटून वर येत. धुक्यात किनारा दिसत नसला तरी खोली आणि तळाचा नमुना यांवरून आपण कुठे आहोत, याचा अंदाज जाणत्या नाविकाला येत असे. पंधराव्या शतकातील अहमद इब्न माजिद आणि त्यांच्यानंतरचे सुलैमान अल्-महरी यांच्या नौकानयनावरील ग्रंथांत अशा ज्ञानाची शास्त्रशुद्ध मांडणी आढळते.

इब्न माजिद यांनी वास्को द गामाला आफ्रिकेहून कालिकतला आणले, ही कथा अनेक पाठ्यपुस्तकांत अजून दिसते. आधुनिक अभ्यासक ती स्वीकारत नाहीत. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज इतिहासकार त्या वाटाड्याला गुजरातचा रहिवासी म्हणतात. इब्न माजिद यांचे मोठेपण त्यांच्या ग्रंथांवर उभे आहे. त्याला या कथेच्या आधाराची गरज नाही.

शिशाच्या वजनाची मर्यादाही स्पष्ट होती. ते उथळ किनारपट्टीपुरते उपयोगी होते. गंगेच्या मुखासमोर समुद्रात एक खोल दरी आहे. तिथे दोरी तळाला लागत नसे, म्हणून इंग्रज नाविकांनी त्या भागाला 'तळ नसलेला पट्टा' अशा अर्थाचे नाव दिले आणि ते नकाशांत आजही आहे. सिंधूच्या मुखासमोरही अशीच दरी आहे. 'येथे तळ नाही' एवढेच त्या काळचे ज्ञान सांगू शकत होते. त्या खोलीत काय आहे, हे जाणण्याचे साधन कुणाकडेच नव्हते.

'इन्व्हेस्टिगेटर' : तारेने मोजलेला समुद्र

१८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगभर फिरून आधुनिक समुद्रविज्ञानाचा पाया घातला. खोल तळावरील चिखल हा बऱ्याच ठिकाणी सूक्ष्मजीवांच्या चुनखडीयुक्त कवचांचा बनलेला असतो आणि अतिखोल भागांत त्याची जागा तांबडी माती घेते, हे या मोहिमेतून स्पष्ट झाले. या नमुन्यांचा अभ्यास करून तळाच्या गाळाचे वर्गीकरण करणारे प्रमुख शास्त्रज्ञ म्हणजे जॉन मरे. पण 'चॅलेंजर'ने उत्तर हिंदी महासागर ओलांडला नाही. अरबी समुद्र या नकाशात जवळजवळ कोराच राहिला.

ही उणीव काही अंशी 'इन्व्हेस्टिगेटर'ने भरून काढली. हिंदुस्थानच्या सागरी सर्वेक्षण खात्यासाठी हे वाफेचे जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्याचे मुख्य काम किनाऱ्याचे नकाशे तयार करण्याचे. खोल पाण्यातील मोजमापे आणि जीवांचे नमुने हे त्याचे जोडकाम, आणि ते जहाजावरील डॉक्टरकडे सोपविलेले असे. आल्फ्रेड अल्कॉक आणि पुढे सेमूर सेवेल यांनी ते निष्ठेने केले. दोरीच्या जागी आता पोलादी तार आली होती. तरीही तीन-चार हजार मीटर खोलीचे एक मोजमाप घ्यायला जहाज दीर्घकाळ एका जागी थांबवावे लागे. साहजिकच नकाशावर एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत शेकडो किलोमीटरची मोकळी जागा राही. दोन ठिपक्यांमध्ये डोंगर असला तरी तो कळण्याचा मार्ग नव्हता. अरबी समुद्राचा तळ हा एक सपाट खोलगट भाग असावा, हा समज या विरळ मोजमापांमुळेच टिकून होता.

'मबाहिस' : एका इजिप्शियन जहाजाची सफर

प्रतिध्वनीच्या साहाय्याने खोली मोजण्याचे यंत्र आले आणि हे चित्र बदलले. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. जहाजातून सोडलेला आवाज तळावर आपटून चार सेकंदांनी परत आला, तर खोली तीन हजार मीटर. जहाज चालत असतानाच एकामागून एक मोजमापे मिळू लागली. १९२८ ते १९३० या काळात 'डाना' या डॅनिश जहाजाने अरबी समुद्राच्या दक्षिण भागात पाण्याखालची एक मोठी पर्वतरांग नोंदविली. मोहिमेला पैसा पुरविणाऱ्या प्रतिष्ठानावरून तिला 'कार्ल्सबर्ग रांग' हे नाव पडले.

त्यानंतरची महत्त्वाची मोहीम 'मबाहिस'ची. तिची कुळकथा चमत्कारिक आहे. जॉन मरे यांच्या हाती हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरील दगडाचा नमुना आला आणि तिथे फॉस्फेटचे साठे असल्याचे त्यांनी ओळखले. त्या खाणींतून त्यांना मोठे उत्पन्न मिळाले. १९१४ साली ते वारले. त्यांनी समुद्रसंशोधनासाठी ठेवलेल्या पैशातून १९३३-३४ ची 'जॉन मरे मोहीम' निघाली. हिंदी महासागरातून निघालेला पैसा अशा रीतीने त्याच महासागराच्या अभ्यासाला लागला.

पैसा होता, जहाज नव्हते. ते इजिप्त सरकारने दिले. 'मबाहिस' हे १९३० साली इंग्लंडमध्ये बांधलेले, जेमतेम १३८ फूट लांबीचे मत्स्यसंशोधन जहाज. मोहिमेचे नेते सेवेल. ते नुकतेच भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संचालकपदावरून उतरले होते. कप्तान मॅकेन्झी आणि सर्वेक्षक फार्क्वारसन हेही ब्रिटिश. पण बहुतेक अधिकारी आणि खलाशी इजिप्शियन होते, आणि शास्त्रज्ञांत दोन इजिप्शियन होते : अब्देल फत्ताह मोहम्मद आणि हुसेन फौजी. पहिले समुद्राच्या पाण्याच्या भौतिक व रासायनिक मोजमापांत गुंतलेले. दुसरे जहाजाचे डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञ. सप्टेंबर १९३३ मध्ये जहाज अलेक्झांड्रियाहून निघाले आणि तांबडा समुद्र, एडन, कराची, मुंबई, कोलंबो, मोंबासा, झांझिबार अशा टप्प्यांनी वीस हजारांहून अधिक मैल फिरून मे १९३४ मध्ये परतले.

या मोहिमेच्या फलितांपैकी तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, अरबी समुद्राच्या वायव्य भागात पाण्याखालची एक रांग सापडली. तिला मरे यांचे नाव देण्यात आले. दोन, ओमानच्या आखाताजवळ तळाचा असा पट्टा आढळला, जिथे जाळे टाकले तर जिवंत प्राणी जवळजवळ मिळत नव्हते आणि चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. या खोलीत पाण्यातील प्राणवायू फार कमी असतो, हे त्याचे कारण. तीन, आणि सर्वांत महत्त्वाची : कार्ल्सबर्ग रांगेच्या माथ्यावर लांबच्या लांब एक दरी आहे, हे लक्षात आले. वाइजमन आणि सेवेल यांनी १९३७ साली अरबी समुद्राच्या तळावर लिहिलेल्या निबंधात या दरीची तुलना पूर्व आफ्रिकेतील प्रसिद्ध खचदरीशी केली. दोन्हींचा संबंध असावा, हे त्यांनी ओळखले होते. पर्वताच्या शिखरावर दरी का असावी, याचे पूर्ण उत्तर मिळायला मात्र आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

मोहिमेचे अहवाल लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने छापले. सेवेल, फार्क्वारसन, वाइजमन ही नावे संदर्भांतून जगभर पोचली. इजिप्शियन खलाशांचे श्रम आणि दोन इजिप्शियन शास्त्रज्ञांचे काम यांचा उल्लेख सर्वसाधारण इतिहासांत क्वचितच येतो. पण इजिप्तमध्ये मोहीम विसरली गेली नाही. 'मबाहिस' परतल्यावर त्याच हिवाळ्यात ती तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात इजिप्तच्या स्वतःच्या मोहिमेवर गेली. अलेक्झांड्रियातील समुद्रविज्ञानाच्या अध्यापनाची मुळे या अनुभवात आहेत. हुसेन फौजी पुढे अरबी साहित्यातही नामवंत झाले. या प्रवासावर आधारलेले त्यांचे 'आधुनिक सिंदबाद' या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९३८ साली निघाले. एकाच सफरीचा एक अहवाल शास्त्रीय ग्रंथमालेत आहे आणि दुसरा ललित गद्यात. भाषेच्या प्राध्यापकांनी या दुसऱ्या अहवालाकडेही लक्ष द्यायला हवे.

कार्ल्सबर्ग रांगेचे उत्तर

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम हा पुढचा टप्पा. साधारण १९६० ते १९६५ या काळात अनेक देशांची जहाजे या महासागरात काम करीत होती आणि भारत त्यात सहभागी होता. या मोहिमेचाच भाग म्हणून १९६२ साली 'ओवेन' या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग रांगेच्या एका छोट्या पट्ट्याचे चुंबकीय सर्वेक्षण केले. केंब्रिजमध्ये त्यांचे विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांनी त्या नोंदींचा अर्थ लावला. सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांचा छोटेखानी निबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ली स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोचले होते, पण त्यांचा लेख नियतकालिकांनी परत पाठविला.

कल्पना अशी : रांगेच्या माथ्यावरील दरीतून तप्त शिलारस वर येतो आणि थंड होतो. थंड होताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची खूण धरून ठेवतात. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटे होते. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट अशा चुंबकीय पट्ट्या तयार होतात. जुन्या पट्ट्या बाहेर सरकतात आणि मध्ये नवा तळ तयार होतो. म्हणजे माथ्यावरची दरी ही तळ फाटण्याची जागा आहे. कार्ल्सबर्ग रांगेपाशी हा तळ आजही वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर या वेगाने रुंदावतो आहे. भूखंडे सरकतात, या वेगनर यांच्या मताला अशा प्रकारे समुद्रतळावरून आधार मिळाला. विसाव्या शतकातील भूविज्ञानाची सर्वांत मोठी क्रांती ज्या पुराव्यांवर उभी राहिली, त्यांतील एक आपल्या शेजारच्या समुद्रातून आला, ही गोष्ट आपल्याकडे भूगोलाच्या वर्गात सहसा सांगितली जात नाही.

'गवेषणी' आणि गोवा

याच मोहिमेच्या अनुभवातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात, दोना पावला येथे आहे. १९७४ साली सय्यद झहूर कासिम तिचे संचालक झाले. अलाहाबादचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले कासिम हे मत्स्यजीवशास्त्रज्ञ. १९८१-८२ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले आणि पुढे ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९७६ साली, संस्थेला 'गवेषणी' हे जहाज मिळाले. गाळ वाहण्यासाठी बांधलेल्या जहाजात बदल करून ते संशोधनासाठी सज्ज केले होते. गाळ वाहणाऱ्या जहाजाने समुद्रतळाच्या गाळाचा शोध घ्यावा, हा योगायोग आहे.

समुद्रतळाच्या कामाचे नेतृत्व हसन नसीम सिद्दीकी यांच्याकडे होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून ते या संस्थेत आले. १९७८ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी'ने समुद्रतळावरून बहुधात्विक गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या मंद गतीने वाढतात. या कामाच्या जोरावर १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी भारताला मध्य हिंदी महासागर खोऱ्यात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र दिले. पुढे त्यातील ७५ हजार चौरस किलोमीटर भारताकडे राहिले. सिद्दीकी संस्थेचे संचालक झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आपला देश हे क्षेत्र मिळविणारा पहिला नोंदणीकृत देश ठरल्याचे त्यांना पाहता आले नाही. कासिम यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तरी आढळते. सिद्दीकी यांचे तिथेही सहसा आढळत नाही.

याच संस्थेत आर. आर. नायर, एन. एच. हाशिमी आदींनी पश्चिम किनाऱ्यासमोरील उथळ तळाचा अभ्यास केला. मुंबईसमोर हा उथळ भाग तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. त्याच्या बाहेरच्या भागात, आज साठ ते शंभर मीटर पाण्याखाली, चुनखडीचे बारीक गोल कण सापडतात. असे कण केवळ अगदी उथळ, उबदार पाण्यात बनतात. त्यांचे वय साधारण नऊ ते अकरा हजार वर्षे निघते. म्हणजे त्या काळी किनारा तिथे होता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळले तसा समुद्र जमिनीवर चालून आला.

'मबाहिस'ला आढळलेला तो प्राणवायूहीन पट्टाही आता बोलका झाला आहे. तळ उकरणारे किडे तिथे राहू शकत नाहीत, म्हणून गाळाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक तसेच राहतात. कराचीसमोरच्या अशा थरांवरून हजारो वर्षांच्या मोसमी पावसाचे चढउतार वाचता आले. २०१५ साली 'जॉइडीस रेझोल्यूशन' या जहाजाने कोलंबो ते मुंबई या सफरीत लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी अकराशे मीटरपर्यंत छिद्रे घेतली. गोव्यातील केंद्राचे धनंजय पांडे हे तिचे एक प्रमुख होते. सिंधूने आणलेल्या गाळात हिमालयाच्या झिजेची नोंद मिळाली आणि एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उतारावरून कोसळलेल्या प्रचंड दरडीचे थरही हाती आले.

समारोप

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी कार्ल्सबर्ग रांगेवरील धातुयुक्त सल्फाइडच्या शोधासाठी करार केला. 'मबाहिस'ने दाखविलेली दरी आता खनिजांच्या राजकारणात आली आहे. खाणकाम झाले तर लाखो वर्षांत तयार झालेल्या तळाचे काय होईल, हा प्रश्न खुद्द शास्त्रज्ञांनीच उपस्थित केला आहे. १९९७ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मध्य खोऱ्यात तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळून परिणामांचा अभ्यास केला होता. या प्रश्नावर मत बनविण्यासाठी नागरिकांना विषयाची तोंडओळख हवी, आणि ती महाविद्यालयातच होऊ शकते.

त्यासाठी इतिहास सांगताना तीन पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. पहिले, प्रत्येकाला त्याने जेवढे केले तेवढेच श्रेय द्यावे. अल्-बीरूनींना गाळाच्या निरीक्षणाचे श्रेय आहे. समुद्रतळ रुंदावतो, या शोधाचे नाही. दुसरे, जहाज, खलाशी आणि पैसा कुणाचा, हेही इतिहासाचेच प्रश्न आहेत. केवळ अहवालावरील नावे वाचून भागत नाही. तिसरे, विषयांच्या भिंती थोड्या खाली आणाव्यात. हुसेन फौजींचे प्रवासवर्णन अरबी-उर्दूच्या वर्गात, कार्ल्सबर्ग रांग भूगोलाच्या वर्गात आणि सिद्दीकींचे कार्य इतिहासाच्या वर्गात एकाच सत्रात शिकविता येईल. गोवा आणि बेळगाव परिसरातील महाविद्यालयांना म्हादईचे पात्र व दोना पावला येथील संस्था दोन्ही जवळ आहेत. अशा एका छोट्या प्रकल्पाला फारसा खर्चही येणार नाही.